झाड नसलेल्या मुलखाची वाट

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या मराठी माणसाला विचारा. तो सिडनीचे शिडांच्या आकाराचे नाट्यगृह सांगेल, मेलबर्नची ट्राम सांगेल, आणि तिकडच्या आंब्याला हापूसची सर नाही हेही न विसरता सांगेल. पण त्या देशाचा खरा विस्तार विमानाच्या खिडकीतून कळत नाही. त्यासाठी आठ दिवस मोटारीत बसावे लागते. आणि त्याआधी दोन महिने नकाशा पसरून घरच्यांशी वाद घालावा लागतो. मला विचाराल तर त्या आठ दिवसांइतकेच हे दोन महिनेही मोलाचे!

निमित्त साधेच होते. आमच्या चिरंजिवांची नोकरी अ‍ॅडलेडहून पर्थला बदलली. सामान ट्रकने जाणार, माणसे विमानाने. प्रश्न उरला मोटारीचा. आम्ही उभयता तेव्हा त्याच्याकडेच राहायला गेलो होतो. "गाडी आपणच नेऊ या की," मी म्हणालो. अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन परत मुंबईला येण्याइतके. फरक एवढाच, की वाटेत सुरत नाही, बडोदे नाही, जयपूर नाही. मध्ये पसरलेले आहे नलार्बोरचे पठार.

हे नाव लॅटिन भाषेतले. अर्थ सरळ आहे: 'एकही झाड नाही.' सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा हा चुनखडकाचा सपाट प्रदेश कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होता. चुनखडक पाणी धरून ठेवत नाही. पडलेला पाऊस खालच्या गुहांत झिरपून जातो. म्हणून येथे नदी नाही, ओढा नाही. दक्षिणेला हे पठार एकदम तुटते आणि साठ ते सव्वाशे मीटर उंचीचे कडे थेट दक्षिण महासागरात उतरतात. या कड्यांच्या जवळून एअर हमरस्ता जातो. पोर्ट ऑगस्टापासून नॉर्समनपर्यंत तो सुमारे १,६६० किलोमीटर आहे, आणि पूर्ण डांबरी झाला तो १९७६ साली.

चिरंजिवांचा बेत चार दिवसांचा होता. तरुणांचे बेत असेच असतात. सौ.ने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, मध्येच माझ्या छातीत दुखायला लागलं तर?"

प्रश्न उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. नकाशावर बोट फिरवले, तर सेडुना सोडल्यावर नॉर्समन येईपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटरांत इस्पितळ नाही! टेबलाभोवती सगळे गप्प झाले. विमानाचे तिकीट काढून मोकळे व्हावे, असेही एकदा वाटले. सौ. म्हणाली, "मी नको असं म्हटलेलं नाही. उत्तर मागितलं आहे." त्या दिवसापासून आमच्या आखणीला खरी सुरुवात झाली.

उत्तर मिळाले ते आकाशातून. १९२८ साली जॉन फ्लिन नावाच्या एका धर्मोपदेशकाने क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावाहून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू केली. आज तिला 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस' म्हणतात. एअर हमरस्त्याचे काही तुकडे मुद्दाम विमान उतरवण्यासाठी राखलेले आहेत. रस्त्यावर पांढरे पट्टे आणि कडेला पाटी असते. प्रसंग आला तर वाहने थांबवतात, आणि रस्त्याचीच धावपट्टी होते. हे कळल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी परवानगी दिली, पण अटी घातल्या: दिवसाला पाच तासांहून अधिक प्रवास करायचा नाही, दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचे, आणि औषधे दोन निरनिराळ्या पिशव्यांत ठेवायची. चार दिवसांचे आठ झाले ते असे.

मुक्काम ठरले: किम्बा, सेडुना, नलार्बोर, मदुरा, बॅलाडोनिया, कालगूर्ली, मेरेडिन, आणि आठव्या दिवशी पर्थ. वाटेत गावे नाहीत; असतात ती 'रोडहाउसे', म्हणजे पेट्रोलपंप, खानावळ आणि मागे झोपायच्या काही खोल्या. दोन रोडहाउसांमधले अंतर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरांपर्यंत जाते. नियम सोपा: टाकी निम्मी झाली की भरायची, भाव पाहायचा नाही. पाणी मात्र आपले आपण न्यायचे. तेथले बहुतेक पाणी जमिनीतून उपसलेले खारे. ते गोडे करायला खर्च येतो, आणि फुकट मागणे बरे दिसत नाही. आम्ही माणशी रोजचे पाच लिटर धरले आणि वर दोन दिवसांचे जास्त घेतले. मोबाइल फोन रोडहाउसांच्या आसपास चालतो, मध्ये बराच वेळ मुका होतो; म्हणून उपग्रहाचा फोन भाड्याने घेतला. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचे, चालत मदत शोधायला निघायचे नाही, हे सूनबाईने सर्वांकडून पाठ करून घेतले.

महिना सप्टेंबरचा धरला. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शिवाय मे ते ऑक्टोबर या काळात मोठे देवमासे पिलांसह त्या किनाऱ्याला येतात. संध्याकाळी चारनंतर गाडी हाकायची नाही, असेही ठरले, कारण दिवस मावळताना कांगारू रस्त्यावर येतात. पिवळ्या पाट्यांवर कांगारूबरोबर उंटाचेही चित्र असते. उंट तिथला नव्हे. १८६० साली एका मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला नेले. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होते! पुढे आणखी हजारो उंट आणि त्यांचे सिंधी, बलुची, पठाण हाकणारे गेले. रेल्वे आणि मोटारी आल्यावर उंट मोकाट सुटले.

खरी रणधुमाळी झाली ती स्वयंपाकघरात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर नाका आहे. फळांवरच्या माश्या आणि पिकांचे रोग राज्यात शिरू नयेत म्हणून तेथे ताजी फळे, भाज्या, मध काढून घेतात. सौ.ची कोथिंबीर, कढीलिंब, लिंबे, हिरव्या मिरच्या यांना सरळ नकार! अखेर तहनामा झाला: ओले ते सर्व नाक्याआधी संपवायचे, पुढे मेतकूट-भात, दशम्या आणि शिजवलेले पिठले.

दुसरा घोळ घड्याळाचा. अ‍ॅडलेड भारताच्या चार तास पुढे, पर्थ अडीच तास. आणि मधल्या युक्ला-मदुरा पट्ट्यातल्या मोजक्या वस्तीने स्वतःची तिसरीच वेळ पाळलेली, दोहोंच्या बरोबर मध्ये, पाऊण तासाच्या फरकाने. मग गोळ्या कोणत्या वेळेने घ्यायच्या? सौ.ने आपले हातातले घड्याळ पुण्याच्या वेळेला लावले. अ‍ॅडलेडची रात्रीची नऊची गोळी म्हणजे पुण्याचे संध्याकाळचे पाच. बाहेर काहीही वाजोत.

नकाशा वाचता वाचता इतिहासही वाचला. १८४१ साली एडवर्ड एअर हा इंग्रज या किनाऱ्याने पश्चिमेला निघाला. सोबत बॅक्स्टर नावाचा मुकादम आणि तीन आदिवासी तरुण. वाटेत पाणी मिळाले ते मुख्यतः स्थानिक लोकांनी वाळूच्या टेकड्यांत कोठे खणायचे हे दाखवल्यामुळे. एका रात्री दोघा तरुणांनी बॅक्स्टरला गोळी घातली आणि शिधा घेऊन ते पळाले. उरला वायली. तो आणि एअर एकमेकांच्या आधाराने चालत राहिले. वाटेत एका फ्रेंच देवमासे-शिकारी जहाजाने दोन आठवडे आसरा दिला, आणि जुलैत ते ऑल्बनीला पोचले. हमरस्त्याला नाव एअरचे मिळाले.

आणि ही भूमी रिकामी कधीच नव्हती. पठाराच्या उत्तरेला मारालिंगा येथे ब्रिटनने १९५६ ते १९६३ या काळात अणुचाचण्या केल्या. त्याआधीच, १९५२ साली, तिकडच्या आदिवासींना दक्षिणेला यालाटाला आणून ठेवले होते. नकाशावर पांढरा दिसणारा भाग कोणाचे तरी घर असते, हे रस्ता आखताना ध्यानी ठेवलेले बरे.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. किनाऱ्याच्या उंचवट्यावरून खाली निळ्या पाण्यात आई आणि पिलू संथपणे पहुडलेले पाहिले. युक्लाला १८७७ सालच्या तारघराच्या भिंती वाळूतून डोके काढून उभ्या आहेत, त्या पाहिल्या. बॅलाडोनियाला १९७९ साली आकाशातून पडलेल्या स्कायलॅबची आठवण जपलेली आहे. एस्परन्सच्या नगरपालिकेने तेव्हा कचरा टाकल्याबद्दल 'नासा'ला चारशे डॉलर दंड केला होता! आणि कायगुना ते बॅलाडोनियामधला तो १४६ किलोमीटरचा रस्ता, ज्याला एकही वळण नाही, तो सौ.ने पुढच्या आसनावर बसून पुरा पाहिला.

रस्त्यात पांढरे पट्टे लागले की ती मोठ्याने मोजी: "ही पहिली. ही दुसरी." उपग्रहाचा फोन पिशवीतून बाहेर निघाला नाही, जास्तीचे पाणी तसेच उरले, औषधांची दुसरी पिशवीही उघडली नाही. पर्थला पोचल्यावर चिरंजीव म्हणाले, "बघ आई, एवढी तयारी उगाचच केली." सौ.ने घड्याळ काढून पर्थच्या वेळेला लावले आणि म्हणाली, "उगाच कशी? त्या तयारीमुळेच तर मला सगळं बघता आलं."

दूरच्या वाटेला निघणाऱ्या वाचकांनी नकाशाबरोबर घरातल्या सर्वांत नाजूक माणसाचा प्रश्नही आधी टेबलावर मांडावा. त्याचे उत्तर मिळाले, की बाकीचा रस्ता सापडतोच.