परसांतली कळलावी

चार वर्षांपूर्वीं भाऊबीजेस कोंकणांत माहेरीं गेलें, तेव्हां गडग्यावरच्या कळलावीचीं बोंडें तडकून शेंदरी बिया दिसत होत्या. कंद उपटण्यास मन घेईना. औषधासाठीं ते रानांतून बेसुमार खणले गेले आहेत. बियाच पदराला बांधून आणल्या.

सासूबाई म्हणाल्या, “नांवच कळलावी! घरांत भांडणें लागायचीं.” मीं तें हंसण्यावारी नेलें. पहिल्या पावसाळ्यांत गवताच्या पात्यासारखें रोप आलें आणि हिवाळ्यांत वाळलें. मेलेंसें समजून कुंडी उकरली, तों हरभऱ्याएवढा कंद जिवंत! या झोपेंत पाणी घातल्यास तो कुजतो, हें मग शिकलें.

गेल्या माघांत वाढलेला कंद दुसरीकडे लावीत होतें. दारीं कोणी आलें म्हणून उठलें. परतून पाहतें तों आमचा तीन वर्षांचा बाळ तो नांगराच्या फाळासारखा कंद मुठींत धरून उभा! कळलावीचें सर्वांगच विषारी, कंद तर प्राणघातक. त्याचें तोंड धुतलें, डॉक्टरांकडे धांवलें. कंदावर दांत उमटले नव्हते, एवढेंच नशीब. घरांत मात्र खरोखरच भांडण पेटलें. ह्यांनीं कंद फेंकून देण्यास बजावलें. तेव्हां सासूबाईच म्हणाल्या, “झाडाचा काय दोष? माझ्या खिडकीबाहेर जाळी ठोकून लाव. मी राखीन.”

यंदा पानांच्या शेंड्यांनीं जाळी धरीत वेल वर चढली आणि भाद्रपदांत पिंवळ्या-तांबड्या पाकळ्या उलट्या वळवून फुलली. कोंकणांत हिला ‘गौरीचे हात’ म्हणतात. पहिलें फूल सासूबाईंनीं स्वतः खुडलें, गौरीला वाहिलें, आणि हात दोनदां धुतले.