बिब्ब्याचा भाऊ आणि माझं पेन

माझं मराठी घरचं, शाळेचं कॉन्व्हेंटी आणि हॉस्टेलचं असं मिक्स आहे, तेव्हा सांभाळून घ्या. शाळेत सिस्टर बॉलपेन दिसलं की जप्त करायच्या, त्यामुळे शाईपेनाचं वेड लागलं ते कायमचं. आणि त्या वेडातूनच मी थेट जपानी तलवारीपर्यंत पोचले. हसू नका!

तिथे तलवारीचं म्यान होनोकीच्या लाकडाचं. ओल लागू नये म्हणून त्यावर उरुशी, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे थर. एदो काळात प्रत्येकाला आपलं म्यान वेगळं हवं, म्हणून कारागिरांनी नाना तऱ्हा काढल्या. कुठे दगडासारखा खडबडीत पोत, तर कुठे माशाचं दाणेदार कातडं काळ्या उरुशीने भरून घासलेलं, की पांढरे ठिपके वर येतात. मग १८७६ साली सरकारने तलवार लावून फिरायला बंदी घातली. म्यानवाल्यांचं काय झालं असेल? कानो नात्सुओ हा नावाजलेला त्सुबा (मुठीपुढची चकती) घडवणारा तर त्याआधीच सरकारी नाण्यांकडे वळला होता. पुढे १९२०च्या दशकात पायलट कंपनीने एबोनाइटची पेनं उन्हात विटतात म्हणून त्यांवर उरुशी चढवली. म्यानावरची कला खिशाला आली!

गंमत म्हणजे उरुशी 'वाळत' नाही. तिच्यात लॅकेज नावाचं एन्झाइम असतं, ते दमट हवेतच काम करतं. साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २०-२५ अंश तापमान. जुलैत आपल्या हॉस्टेलवर जीन्स चार दिवस ओली राहते ना, तसली हवा तिला झकास. पण हे झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. ओला चीक अंगाला लागला तर बिब्बा उततो तसंच होतं. (सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख वेगळी बरं का, ती किड्यांची.) रूममेटने आत्ताच सांगून टाकलंय, तुझा डबा माझ्या कपाटाजवळ नको.

आता खरी गोष्ट. माझे बाबा भोसरीला लेथवर होते. पोरीचे हात तेलकट होऊ नयेत म्हणून ओव्हरटाइम करून त्यांनी मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. मी मेकॅनिकल घेतलं तेव्हाच ते गप्प झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मित्राच्या शेडमध्ये एबोनाइटचा रॉड लेथवर लावला, जळक्या रबराचा वास सुटला, आणि बाबा दारात. "याचा प्लेसमेंटला काय उपयोग?" मला उत्तर सुचलं नाही. वर्गातले निम्मे आयटीत जाणार, कदाचित मीही.

थोड्या वेळाने त्यांनी व्हर्नियर उचललं, टोपणाचे आटे बघितले.

"थर किती देणार?"

"वीसेक तरी. प्रत्येक थर घासायचा."

"मग एवढं टाइट कशाला केलंस? लेप चढला की टोपण बसणार नाही. जागा सोड."

म्हणून बॅरल पुन्हा लावला, बारीक कट घेतला. चकचं हँडल बाबांनी माझ्या हातात दिलं नाही, स्वतःच फिरवलं. उरुशीची ट्यूब मागवली आहे. हातमोजे आहेत. पहिला थर पावसाळ्यात.