आयोवातील अठरापगड गाव

इस्राएलहून आणि ठाण्याहून येणाऱ्या पत्रांत आम्हां उभयतांना एक प्रश्न हमखास असतो. ‘‘तिकडे तुमच्या आसपास आपले लोक किती?’’ उत्तर सोपे आहे. आमच्या मिनेसोटातील गावी बेने इस्राएल म्हणाल तर आम्हीच. तेवढ्यावर पत्र संपवता येते. पण ‘आपले’ कोणाला म्हणायचे हा प्रश्न अमेरिकेत आल्यापासून आमचा पिच्छा सोडीत नाही, आणि त्याचे कारण आयोवा राज्यातील पोस्टव्हिल हे गाव आहे.

आधी शिरगणतीची गंमत सांगतो. अमेरिकन सरकार दर दहा वर्षांनी माणसे मोजते, पण धर्म विचारीत नाही, वंश विचारते. १९७० साली हिंदुस्थानातून आलेल्यांची गणना गोऱ्यांत होत असे. १९८० साली ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना निघाला आणि एका रात्रीत आमचे लोक गोऱ्यांतून बाहेर पडले. आमच्या वाडवडिलांनी कोकणात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद पाळला, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्या भेदासाठी निदान सरकारी छापील कागद लागत नव्हता.

पोस्टव्हिल आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. मका, दुभती जनावरे, चढउताराची हिरवी जमीन. वस्ती जर्मन आणि नॉर्वेजियन शेतकऱ्यांची, थोडी आयरिश कॅथलिकांची. वाय.एम.सी.ए.चे पुढारी आणि १९४६ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी जॉन मॉट लहानपणी याच गावात वाढले. १९९० साली गावची लोकसंख्या होती १,४७२. रेवदंड्याच्या बाजारपेठेत एखाद्या सकाळी याहून जास्त माणसे दिसतील.

गावचा जुना मांसाचा कारखाना बंद पडला होता. तो १९८७ साली ब्रुकलिनचे खाटीक आरॉन रुबाश्किन यांनी विकत घेतला. हे लुबाविच पंथाचे हसिदी यहुदी, मूळचे रशियाकडचे. त्यांच्याबरोबर शोहेत आले, रब्बाय आले, त्यांची मोठमोठी कुटुंबे आली. काळे कोट, दाढ्या, शब्बाथला रस्त्याने पायी चालणारी मुले! कामगार म्हणून आधी रशिया, युक्रेनकडचे लोक आले, मग मेक्सिकन, मग ग्वाटेमालाचे. २००० सालच्या गणतीत गाव २,२७३ वर गेले. गावाने स्वतःचे बिरूदही ठरवले. त्याचा अर्थ ‘साऱ्या जगाचे आपले गाव’ असा होतो.

आता या गावाची सरकारी वंशावळ पाहा. ल्यूथरन शेतकरी गोरा. ब्रुकलिनचा हसिदीही गोराच. ज्या दोघांत एकमेकांच्या घरी पाणी पिण्याइतकाही व्यवहार नाही, ते एका रकान्यात. म्हणजे गाव ज्यांच्यामुळे बदलले ते यहुदी शिरगणतीत मुळी दिसतच नाहीत. ग्वाटेमालाच्या कामगारांपैकी पुष्कळसे सान होसे काल्देरास आणि एल रोसारियो या दोन खेड्यांतले. त्यांतल्या कित्येकांची पिढीजात भाषा काक्चिकेल, म्हणजे माया लोकांची. स्पॅनिश त्यांना नंतर आलेली. पण कागदावर ते सगळे ‘हिस्पॅनिक’. कोकणात ब्रिटिश साहेबाने कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर १८८३ साली छापले, त्यात आम्ही मूठभर असूनही आमची स्वतंत्र नोंद आहे. साहेबाला निदान शनवार तेली आणि इतर तेली यांतला फरक कळत होता.

आम्हांपैकी एकाचे बालपण रेवदंड्याच्या बाजूचे. तिथे कोळी, आगरी, माळी, मुसलमान, आम्ही, आणि खाडीपलीकडे कोर्लईचे ख्रिस्ती, जे आजही घरात पोर्तुगीजांकडून उरलेली बोली बोलतात. कोणी कोणाच्या चुलीपाशी जात नसे, पण कोण कोणत्या दिवशी काय करीत नाही हे सर्वांना पाठ होते. शनिवारी इस्राएलाचा घाणा बंद, हे गावाला माहीत. तेल हवे तर शुक्रवारी न्यावे. बोलून दाखवण्याची गरजच नसे.

पोस्टव्हिलला असा मुरलेला शेजार मिळायला वेळच झाला नाही. आयोवा विद्यापीठातील पत्रकारितेचे प्राध्यापक स्टीफन ब्लूम यांनी २००० साली या गावावर पुस्तक लिहिले. त्यातल्या तक्रारी वाचून हसू येते आणि बेचैनीही वाटते. हसिदी लोक अंगणातले गवत वेळेवर कापीत नाहीत, रस्त्यात ‘गुड मॉर्निंग’ला उत्तर देत नाहीत, दुकानात घासाघीस करतात. १९९७ साली कारखान्याची जमीन गावच्या हद्दीत घ्यावी की नाही यावर मतदान झाले, आणि गावाने ती घेतली. ब्लूम स्वतः यहुदी. शेवटी त्यांची सहानुभूती शेतकऱ्यांकडे झुकली. आम्हांला वाटते, घासाघिशीबद्दल ते जरा जास्तच कडक झाले. क्रॉफर्ड मार्केटात मासळी घेतलेल्या माणसाला तो गुन्हा वाटत नाही.

मग १२ मे २००८ ची सकाळ आली. सुमारे नऊशे सरकारी अधिकारी, डोक्यावर हेलिकॉप्टर, आणि कारखान्यातून ३८९ माणसे पकडली गेली. त्यांत २९० ग्वाटेमालाचे, ९३ मेक्सिकन, ४ युक्रेनियन आणि २ इस्राएली होते. होय, दोन इस्राएली! परवान्याशिवाय राहणाऱ्यांना पाऊणशे मैलांवरील वॉटर्लू येथे नेऊन गुरांच्या प्रदर्शनाच्या आवारात कोंडले. सुमारे तीनशे जणांना खोट्या कागदपत्रांबद्दल गटागटाने कोर्टापुढे उभे केले. बहुतेकांना पाच महिन्यांची कैद आणि नंतर हद्दपारी. दुभाषाचे काम केलेले एरिक कामायद-फ्रेशास यांनी पुढे लिहून प्रसिद्ध केले की, आपल्यावर कोणता आरोप आहे हेच यांतल्या अनेकांना समजले नव्हते. मुले सांभाळायला सोडलेल्या बायकांच्या घोट्याला विजेचे कडे अडकवले होते. त्या सेंट ब्रिजेट या कॅथलिक देवळात आसऱ्याला गेल्या. गावच्या ल्यूथरन बायकांनी तिथे जेवणे पोचवली.

कारखान्याचे त्याच वर्षी नोव्हेंबरात दिवाळे निघाले. मालकाचा मुलगा शोलोम रुबाश्किन याला बँकेच्या फसवणुकीबद्दल २०१० साली २७ वर्षांची शिक्षा झाली. अल्पवयीन मुलांना कामाला लावल्याच्या खटल्यात मात्र ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. २०१७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शिक्षा कमी केली आणि तो बाहेर आला.

याचा आमच्या घराशी संबंध असा की, आमच्या फ्रीझरमधले मांस याच कारखान्याचे होते. हजान नाही, शोहेत नाही, अशा मुलखात कोशेर मांसाचे खोके घरपोच येणे ही मोठी सोय. पण छाप्यानंतर आमच्या घरात जो वाद सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही. आम्हांपैकी एकाचे म्हणणे असे की कोशेर म्हणजे सुरी, नस आणि मीठ. मजुराचा पगार हा सरकारचा विषय, त्याची गल्लत करू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्या तोराहने जनावराला कमीत कमी यातना व्हाव्या म्हणून सुरीला खाच चालवून घेतली नाही, तीच तोराह गरीब मजुराची मजुरी सूर्यास्ताच्या आत द्या असेही सांगते. मग शिक्का फक्त पहिल्या आज्ञेचाच का? मिनेसोटाचे रब्बाय मॉरिस ॲलन यांनी छाप्यापूर्वीच हा मुद्दा उचलला होता. कोशेर शिक्क्याबरोबर कामगारांच्या वागणुकीचाही शिक्का असावा, अशी त्यांची खटपट होती. सुरीवाला पक्ष म्हणतो, तसा शिक्का मारायचा तर बाजारातील एकही वस्तू घरात येणार नाही. दुसरा पक्ष म्हणतो, म्हणून काय विचारायचेच नाही?

या वादातूनच एका उन्हाळ्यात आम्ही मोटारीने तीन तासांची वाट करून पोस्टव्हिल पाहायला गेलो. तोवर कॅनडाच्या हर्शी फ्रीडमन यांनी २००९ साली घेतलेला कारखाना नव्या नावाने चालू झाला होता. ग्वाटेमालावाले गेल्यावर त्यांच्या जागी पॅसिफिकमधील पलाऊ बेटांवरून माणसे आणली होती, कारण त्यांना अमेरिकेत कामाला परवाना लागत नाही. नंतर सोमाली मुसलमान आले. एका रस्त्यावर आम्ही मेक्सिकन खानावळ, सोमाली बायका आणि यहुदी दुकान इतके जवळजवळ पाहिले की, भेंडी बाजारात आल्यासारखे वाटले. फक्त गर्दी तेवढी नव्हती.

दुकानात एका दाढीवाल्या गृहस्थांनी विचारले, कुठले? हिंदुस्थानचे यहुदी म्हटल्यावर ते आम्हांला न्याहाळू लागले. या नजरेची आमच्या समाजाला सवय आहे. १९६४ साली जेरुसलेममध्ये आपले लोक धरणे धरून बसले ते याच नजरेपायी. पण या गृहस्थांनी वंशावळ विचारली नाही. ‘‘तुमचे आजोबा शब्बाथला काय करीत?’’ एवढेच विचारले. आम्ही म्हटले, तेलाचा घाणा बंद ठेवीत, त्यावरूनच गाव आम्हांला ओळखे. गृहस्थ हसले आणि आतून बायकोला बोलावून घाण्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्यांच्या शेजारी गल्ल्यावर ग्वाटेमालाची एक मुलगी होती. तिने मधेच विचारले, घाणा कोण ओढी? बैल, आम्ही म्हटले. तिच्या आजोळी उसाचा चरक बैलच ओढीत, असे ती म्हणाली. शब्बाथपेक्षा बैलाचा विषय जास्त रंगला.

२०२० च्या गणतीत पोस्टव्हिलची वस्ती २,५०३ भरली. छाप्याने रिकामे झालेले गाव पुन्हा भरले, आणि तेही पूर्वीपेक्षा जास्त. डिमोनात राहणाऱ्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मोरोक्कोवाले, आपले लोक, आणि १९६९ साली शिकागोकडून निघून आलेले काळे हिब्रू, अशी त्यांच्या गावाची खिचडी त्यांनी स्वतः शिजताना पाहिली आहे. शेजाऱ्यांत मिसळायला किती वर्षे गेली, हे कोणी लिहून पाठवले तर आम्हांला हवे आहे.

शिकागो किंवा मिनीॲपोलिसला येणाऱ्या आप्तांपैकी कोणाला पोस्टव्हिल पाहायचे असल्यास जरूर कळवावे, आम्ही नेऊ. शनिवार मात्र टाळावा. यहुदी दुकान बंद असते.