दोघांचें बिऱ्हाड

आपल्या समाजांत प्रवासाला कारण लागतें. कुलदैवताचें दर्शन, मुंज, लग्न, नाहीं तर डॉक्टरांनीं सुचविलेली हवापालट. यांपैकीं कांहीं नसतां पतिपत्नींनीं दोघांनींच पंधरा-वीस दिवस बाहेर राहावयाचें म्हटलें, कीं वडील माणसें प्रथम एकमेकांकडे पाहतात आणि मग विचारतात, “उतरणार कोणाकडे ?” आमचें उत्तर “तंबूंत” असें होतें. त्यामुळें प्रश्न कमी न होतां वाढले.

मीरा रोडला आमचें बिऱ्हाड आठ माणसांचें व तीन खोल्यांचें. मातुःश्री, आम्ही उभयतां, बंधु, भावजय, आमचीं दोन मुलें व त्यांचें एक. अशा घराचें सुख वाचकांपैकीं पुष्कळांना ठाऊक आहे. मूल तापानें फणफणलें तर उशाशीं बसावयास चार माणसें असतात. त्याची दुसरी बाजूहि ठाऊक असेल. चौदा वर्षांच्या संसारांत, तिसऱ्याच्या कानीं पडेल म्हणून अर्धें गिळलें नाहीं, असें आम्हां दोघांचें बोलणें क्वचितच झालें असेल. यंदा शेजारच्या इमारतींत एक लहानशी जागा विकत मिळण्याजोगी होती. ती घ्यावी कीं न घ्यावी, याचें उत्तर दसऱ्यापर्यंत द्यावयाचें होतें. आणि नेमका तोच विषय घरांत उघडपणें काढतां येत नव्हता.

पंचमीस वडिलांचें पक्षाचें श्राद्ध आटोपलें. येत्या नवरात्राचें सारें भावजयीनें आपण होऊन अंगावर घेतलें. मोटारींत तंबू, स्टोव्ह, अंथरुणें आणि गळाच्या दोन काठ्या चढल्या. काठ्या पाहून मातुःश्रींच्या कपाळाला आठी पडली. मासा खावयाचा नाहीं, धरून लगेच पाण्यांत सोडावयाचा, असें आम्हीं समजाविलें. त्या म्हणाल्या, “सोडूनच द्यायचा, तर धरायचा कशाला ?” उत्तर सुचेना. तसेंच दुसऱ्या दिवशीं पहाटे काशीमिऱ्यावरून आम्ही अहमदाबादच्या रस्त्याला लागलों.

गुजराथ, अरवलीच्या उघड्या टेकड्या आणि पंजाबचें सपाट मैदान मागें टाकून पांचव्या दिवशीं आम्ही हिमाचलांत शिरलों. मंडीच्या पुढें बियास नदी सोबत करते. लारजी येथें तिला तीर्थन नदी मिळते. तिच्या खोऱ्यांत आमचा पहिला मुक्काम पडला. येथील ट्राउट मासा मूळचा येथला नव्हे. १९०९ च्या सुमारास इंग्रजांनीं तो काश्मीरांतून कुलूच्या मुलखांत आणला आणि थंड, वाहतें पाणी मिळतांच तो परक्या मातींत रोप रुजावें तसा रुजला. त्याला धरावयास मत्स्यखात्याचा परवाना लागतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, अंडीं घालण्याचा काळ म्हणून, गळ टाकण्यास बंदी असते. आमच्याकडे उत्तनच्या किनाऱ्यावर जून-जुलैंत यांत्रिक होड्या ओढून ठेवलेल्या असतात, त्यांतलाच हा न्याय.

हा मासा प्रवाहाकडे तोंड करून, वाहत येणाऱ्या किड्यांची वाट पाहत उभा असतो. म्हणून खालच्या अंगानें, पाऊल न वाजवितां जावें लागतें व बोलून चालत नाहीं. पहिले दोन दिवस आम्ही बोललोंहि नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर संध्याकाळीं तंबूंत बोलण्याची मुभा असूनहि बोलणें सुचलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं सौ.च्या गळाला वीतभर मासा लागला. गळाचा उलटा दांता आम्हीं आधींच चिमट्यानें दाबून सपाट केला होता. कोरड्या हातांनीं माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व मग तो रोगाला बळी पडतो. म्हणून तिनें हात भिजवून त्याला पाण्यांतच धरलें. अंगावर काळे-तांबडे ठिपके होते. कल्ले नीट हालूं लागले तशी तिनें बोटें सैल केलीं. मासा गेला त्या जागेकडे पाहत ती म्हणाली, “दुखलें असेलच त्याला.” आम्हीं नाहीं म्हटलें नाहीं. त्यानंतर काठ्या बांधलेल्याच राहिल्या.

रोहतांगच्या पोटांतून जाणारा, २०२० सालीं खुला झालेला नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा ओलांडला, कीं सृष्टीच पालटते. अलीकडे देवदार, पलीकडे उघडा खडक. महाबळेश्वरीं धो धो पाऊस आणि माणदेशांत कोरड, याचें जें कारण तेंच येथें पर्वतप्राय झालें आहे. डोंगर पावसाळी ढग अडवितात आणि मागच्या बाजूस वाळवंट उरतें. लाहूलमध्यें तांदी येथें चंद्रा व भागा या नद्या मिळून चंद्रभागा होते. तीच पुढें चिनाब. नांव ऐकतांच मातुःश्रींसाठीं एक बाटली भरून घेतली.

तेथून मागें वळून, चंद्रेच्या कांठानें व सुमारें ४,५५० मीटर उंचीच्या कुंझुम खिंडींतून आम्ही स्पितींत उतरलों. लोसर गांवाजवळ तंबू ठोकला ती घटस्थापनेची रात्र होती. चंद्र नव्हता, तारे मात्र इतके, कीं ओळखीचीं नक्षत्रेंहि सांपडेनात. विरळ हवेनें सौ.चें डोकें भयंकर दुखूं लागलें. स्टोव्हवर पाणी तापवून तें घोटघोट पाजीत आम्ही पहाटेपर्यंत बसलों. एकांत हवा म्हणून दोन हजार किलोमीटर आलों होतों आणि त्या रात्रीं उशाशीं बसणारीं चार माणसें हवीं होतीं. पहाटे उतार पडला, तेव्हां तीच म्हणाली, “जागा घेऊं या. पण चूल वेगळी नको.” मग ऊन तंबूवर येईपर्यंत आम्ही बोलत होतों. पैसा, मुलें, मातुःश्रींचें म्हातारपण, भावजयीचे न बोललेले कष्ट, सारें पूर्ण वाक्यांत, आवाज न दाबतां. उजाडल्यावर मात्र तंबू आवरून आम्ही खालच्या उंचीवर परतलों.

दसऱ्याला उत्तर दिलें. आतां निजावयास दोन घरें आहेत व जेवावयास एक. मातुःश्रींनीं चंद्रभागेचें पाणी देव्हाऱ्यांत ठेवलें आणि नव्या जागेविषयीं एवढेंच विचारलें, “किल्ली इथंही असेल ना ?” ती त्यांच्याच कमरेला आहे. माशाविषयींचा त्यांचा प्रश्न आम्हांला अजून सुटलेला नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांतील प्रत्येक जोडप्यानें वर्षांतून एकदां कोठें तरी दोघांचें बिऱ्हाड मांडावें, मग तें माथेरानला चार दिवस कां असेना, आणि घरच्यांनीं त्याला कारण विचारूं नये, असें आमचें मत झालें आहे. पुढच्या खेपेस बंधु व भावजय जाणार आहेत. नवरात्र आमच्याकडे आहे.