दुखणं थांबलं, पण सूज?

रात्री आडवा झालो की छातीत कळ यायची. दीर्घ श्वास घेतला की टोचायचं. उठून, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसलो की जरा बरं वाटायचं. डॉक्टर असूनही पहिला विचार हार्ट अटॅकचाच आला. ईसीजी, रक्ततपासणी आणि इको झाल्यावर निदान झालं, पेरिकार्डायटिस.

आपल्या हृदयाभोवती एक पातळ, दुपदरी आवरण असतं. त्याला सूज आली की असं दुखतं. बऱ्याचदा कारण विषाणूसंसर्गाचं असतं. आपल्याकडे क्षयरोग नाही ना, हेही पाहावं लागतं. माझ्या बाबतीत तो नव्हता.

आयबुप्रोफेन आणि कोल्चिसिन सुरू झालं. आठवड्याभरात दुखणं गेलं. कोल्चिसिन ३ महिने घ्यायचं होतं. जुलाब होतात म्हणून मी ते महिन्याभरात परस्पर बंद केलं आणि सकाळचं पळणंही सुरू केलं. 'कोर्स पूर्ण करा' असं पेशंटना रोज बजावणारा मी! दोन महिन्यांनी तीच कळ परत आली.

माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "सीआरपी केली होतीस का?" मी गप्प. रक्तातली सीआरपी सूज किती आहे ते सांगते. दुखणं थांबलं तरी सूज शिल्लक असू शकते.

हा आजार उलटू नये म्हणून कोल्चिसिन महत्त्वाचं. २०११ साली इटलीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आजार एकदा उलटलेले १२० रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांवर दीड वर्षात ५५ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, कोल्चिसिन जोडलेल्यांपैकी २४ टक्क्यांना. स्टेरॉइडने लवकर आराम पडतो, पण घाईने कमी केलं तर आजार पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून ते माझ्यासाठी राखून ठेवलं.

या वेळी डोस कमी करून घेतला, जुलाब थांबले. ६ महिने एकही गोळी चुकवली नाही. सीआरपी, ईसीजी, इको नॉर्मल येईपर्यंत फक्त घरातल्या घरात चालणं.

तुम्हालाही हा आजार असेल तर गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा त्रास असेल, दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. छातीत पुन्हा दुखलं तर 'तेच जुनं' म्हणून घरी बसू नका. धाप किंवा चक्कर आली तर थेट हॉस्पिटल गाठा.

पूर्वी मी पेशंटला विचारायचो, "बरं वाटतंय ना?" आता पुढे आणखी एक प्रश्न असतो, "गोळ्यांनी पोट बिघडत नाही ना?"