बंदूकवाल्यांचं टंकयंत्र

वर्ध्याच्या कोर्टाबाहेर टायपिस्ट बसायचे, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या कानात ती टकटक अजून असेल. शपथपत्र, भाडेकरार, वाटणीपत्र, सगळं तिथंच टाइप होऊन मिळायचं. आर्वीकडचा शेतकरी आपलं गाऱ्हाणं तोंडानं सांगायचा आणि समोरचा माणूस ते कोर्टाच्या भाषेत बसवत जायचा. ओळ संपत आली की घंटी वाजे. दोन-तीन कार्बन घातले असले की बोटांना जोर द्यावा लागे, नाहीतर खालची प्रत फिकी निघे.

त्या यंत्रांवर नाव असे गोदरेजचं, नाहीतर रेमिंग्टनचं. रेमिंग्टन हे मुळात बंदुका घडवणाऱ्या कुटुंबाचं नाव. न्यूयॉर्क राज्यात एलिफलेट रेमिंग्टननं १८१६ मध्ये वडिलांच्या लोहारशाळेत बंदुकीची नळी घडवली. मागणी वाढली तसा १८२८ मध्ये धंदा ईरी कालव्याकाठी, इलियनला गेला. पुढे फिलो, सॅम्युएल आणि एलिफलेट ही मुलं त्यात आली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं आणि बंदुकांची गिऱ्हाइकी आटली. मग शेतीची अवजारं, शिवणयंत्रं, आणि १८७३ मध्ये ख्रिस्तोफर शोल्सच्या टंकयंत्राचा करार. शिवणयंत्रं करणाऱ्या हातांनीच ते घडवलं. म्हणून पहिल्या यंत्रावर फुलांची नक्षी होती आणि कागदाची गाडी मागं आणायला पायपट्टी. कुटुंबाच्या पदरात मात्र फारसं पडलं नाही. १८८६ मध्ये टंकयंत्राचा धंदा विकावा लागला, १८८८ मध्ये बंदुकांचा कारखानाही गेला.

इंग्रजीसाठी घडलेल्या त्या सांगाड्यात नागरी बसवणं हे मला बंदुकीच्या नळीपेक्षा अवघड काम वाटतं. गाडी एकाच दिशेनं सरकणार, म्हणून पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. अर्धं अक्षर उमटवून त्याला काना दिला की ते पूर्ण व्हायचं. जोडाक्षरांचे हाल व्हायचे. यंत्राला आणि छपाईला सोपी जावी म्हणून लिपीच सुधारावी, हा विचारही आपल्याच गावात जोरात होता. १९३६ मध्ये इथं स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी पुस्तकं उघडा. काका कालेलकरांनी पुरस्कारलेली ‘अि’, ‘अी’, ‘अु’ ही बाराखडी तिथं भेटते.

आणि ते टायपिंगचे क्लासेस! मिनिटाला मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांचं प्रमाणपत्र म्हणजे लिपिकाच्या नोकरीचं दार. दहावी-बारावी झालेल्या किती मुली त्या जोरावर पहिल्यांदा स्वतःच्या पगाराच्या धनी झाल्या. यंत्र अडलं तर पेचकस नि तेलाची कुपी घेऊन मिस्त्री यायचा, झाकण उघडायचा, स्प्रिंग बदलायचा. बिघाड डोळ्यांना दिसायचा. आज कीबोर्ड बिघडला की फेकतात. ती दुरुस्तीची विद्या गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ती परीक्षा संगणकावर होते. बॅकस्पेस आहे, कार्बन नाही, हातही काळे होत नाहीत. मुलांची सोय झाली, ते चांगलंच झालं. इलियनचा बंदुकांचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद पडला. पण मराठीचा कळफलक निवडायची वेळ आली की अजून कितीतरी जण ‘रेमिंग्टन’वरच बोट ठेवतात, आणि सरकणारी गाडी कधी न पाहिलेली मुलगी ‘किसान’ लिहिताना वेलांटी आधी मारते, क नंतर.