वारा सरला का?

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सकाळच्या फेरीला आलेले शल्यविशारद रुग्णाला हटकून एक प्रश्न विचारतात, "वारा सरला का?" आजोबा नजर खाली वळवतात, आजी पदर सावरतात आणि शेजारी उभी असलेली सून खिडकीबाहेर पाहू लागते. चारचौघांत ज्याचा उच्चारही आपण टाळतो, त्याची अशी उघड चौकशी व्हावी याचा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ट्रॉम्बे परिसरात अनेक वर्षे कुटुंबांचा डॉक्टर म्हणून वावरताना या संकोचापायी लपवलेल्या कितीतरी तक्रारी मी पाहिल्या आहेत. म्हणून आज त्याविषयी मोकळेपणाने बोलू.

पोटाला हात लागला की आतडी काही काळ निपचित होतात. भूल, आतड्यांची हाताळणी, त्यामुळे येणारी सूज, क्षारांचे बिघडलेले प्रमाण आणि अफूवर्गीय वेदनाशामके ही त्याची कारणे. लहान आतडे काही तासांतच जागे होते. जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, साधारणतः दोन ते तीन दिवसांनी हलू लागते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर हा काळ बहुधा कमी असतो. वारा सरणे ही या जागृतीची खूण आहे. शौचास त्यानंतर होते; पोटात अन्नच थोडे गेलेले असल्याने त्याला आणखी एखादा दिवस लागला तर घाबरू नये.

ही काळजी आता घरच्यांवर का आली, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळेल. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली, तेव्हाही ते रुग्णालयातच होते; पुढे मार्चमध्ये जुहूच्या किनाऱ्यावर ते विश्रांतीसाठी येऊन राहिले. आज दुर्बिणीतून केलेल्या अशाच शस्त्रक्रियेनंतर, गुंतागुंत नसल्यास, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो. दीर्घ अंथरूण आणि दीर्घ उपवास यांची जुनी प्रथा मोडण्यात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांचा मोठा वाटा आहे. लवकर उठवणे, लवकर खाऊ घालणे आणि अफूवर्गीय औषधे शक्य तितकी कमी देणे, हे सूत्र त्यांनी १९९० च्या दशकात रूढ केले.

चालणे हे यातले पहिले पथ्य. त्याने रक्ताच्या गाठींचा धोका कमी होतो, छाती मोकळी राहते आणि अंगात बळ टिकते. परंतु अणुशक्तीनगरातील सावलीच्या रस्त्यावर फेरी मारणे वेगळे आणि चित्ता कॅम्पमधील वरच्या खोलीतून उभ्या शिडीने उतरणे वेगळे. अशा घरात रुग्णाची गादी काही दिवस खालीच घालावी आणि खोलीतल्या खोलीत, दिवसातून पाच-सहा वेळा, आधार देऊन चालवावे. खोकताना पोटावर उशी धरावी.

आहार शल्यविशारदांनी सांगितलेल्या क्रमानेच वाढवावा. एका वेळी थोडे, पण वारंवार द्यावे. मऊ भात, मुगाचे वरण, ताक, पातळ पेज चालते. कोळीवाड्यातील आजींना कालवणाची आठवण येणारच. मसाल्याला चार दिवस थांबवावे, मासळीचे मऊ तुकडे परवानगीनंतर द्यावेत. दात आणि गिळणे ठीक असेल, तर च्युइंग गम चघळण्यानेही आतड्यांना जेवण आल्याचा संकेत मिळतो. इसबगोल मात्र विचारूनच आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावे.

न्याहारीनंतर आतड्यांना नैसर्गिक चालना मिळते. त्या वेळी रुग्णाला निवांत बसू द्यावे. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहण्याच्या भीतीने वृद्ध माणसे वेग दाबून धरतात, पाणीही कमी पितात. काही आठवड्यांसाठी घरात कमोडची खुर्ची आणली आणि भोवती पडदा लावला, तर निम्मा प्रश्न सुटतो. कुंथू नये. एरंडेल, एनिमा, पोट चोळणे हे घरगुती उपाय स्वतःहून कदापि करू नयेत. आतड्याचा जोड कोवळा असेल तर ते घातक ठरतात. वेदनाशामकही आपल्या मनाने बंद करू नये. बद्धकोष्ठ झाल्यास डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावे.

पोट फुगून ताठ होणे, हिरवट उलट्या, वारा व शौच दोन्ही थांबणे, वाढती वेदना, ताप, नाडी जलद चालणे, शौचातून रक्त किंवा जखमेतून स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वृद्धांत ताप न येताही आजार बळावतो. केवळ ग्लानी किंवा असंबद्ध बोलणे हीदेखील सूचना समजावी.

सुनांनो, मुलांनो, हा प्रश्न हसू न येऊ देता, ताप विचारावा तितक्या सहजतेने विचारा. आणि आजी-आजोबांनो, उत्तर खरे द्या. ज्या देहाने घर उभे केले, त्याच्या साध्या गरजेची लाज कशाला?